यादीत नसलेलं साल

दोन हजार साल उजाडायचं होतं. बीडमध्ये इंटरनेट नवंनवं आलं होतं आणि मी बसस्टँडमागच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. बरोबरीच्या मैत्रिणी पुण्याला गेलेल्या. माझं इथं कशातच मन लागत नव्हतं. अशात क्लासच्या सरांनी एका वधू-वर मंडळाच्या वेबसाइटचं काम घेतलं आणि नोंदणीचं पान माझ्याकडे दिलं.

जन्मतारखेपाशीच मी अडकले. कुणी सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहायचं, कुणी महिना आधी. शेवटी तारीख, महिना, साल अशा तीन याद्या केल्या, त्यातून निवडायचं. सरांनी सालांची यादी मध्येच तोडायला लावली. पस्तिशीपुढचं कोण येतंय लग्नाला, म्हणाले. मी वाद घालून पाहिला, ते ऐकेनात.

पान सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत मांजरसुंब्याचा एक किराणा दुकानदार थोरल्या बहिणीला घेऊन आला. बहीण विधवा, एकुलती मुलगी सासरी गेलेली. मी विचारत होते, भरत होते. तिनं साल सांगितलं. मी यादी खाली नेली, परत वर आणली. ते साल नव्हतंच, आणि त्याशिवाय पान पुढं सरकत नव्हतं.

भाऊ हलकेच म्हणाला, "अक्का, शेवटचं हाय ते टाकू दे. कोन बघायलंय?"

ती माझ्याकडं वळली. "खोटं वय सांगून कुनाच्या घरात जायचं न्हाई मला. खरं साल टाका, न्हाईतर नावच ऱ्हाऊ द्या."

सर जेवायला गेले होते. मी दोघांना थांबवलं आणि सालांची यादीच काढून टाकली. लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता. बोटं चुकत होती. यादीच्या जागी चार आकड्यांपुरता रिकामा चौकोन केला. तिनं एका बोटानं, दाबून दाबून, स्वतःच आकडे भरले. पान पुढं गेलं.

सर आल्यावर पुष्कळ बोलले. मंडळवाल्यांनी मात्र तो चौकोन ठेवून घेतला. पुढं उन्हाळ्यात भाऊ सांगायला आला, दिंद्रुडच्या एका बिजवराशी अक्काचं जमलं, माणूस लई चांगला हाय.

मी त्याच आठवड्यात घरी पुण्याला जायचं काढलं. "कावून?" वडिलांनी विचारलं. मी अक्काचं सगळं सांगितलं, त्यांना ते पटलं नाही. पण गेले.