ग्रासियानाच्या नवऱ्याचं चित्र

माझे मामा ब्लास उर्कियागा हे लेकेइतियो या कोळ्यांच्या गावातल्या एका तांडेलाचे थोरले चिरंजीव, पण होडीत पाय ठेवला की त्यांना ओकाऱ्या सुरू. आजोबांनी दोन हंगाम वाट पाहिली आणि शेवटी त्यांना बेर्गाराला एका कारागिराकडे धाडलं. तिथे देवळातल्या लाकडी संतांचे चेहरे रंगवता रंगवता मामा जिवंत माणसांचे चेहरे काढायला शिकले. पुढे बिल्बाव शहरात लोखंडाच्या व्यापाऱ्यांची आणि त्यांच्या बायकांची चित्रं काढून त्यांनी नाव कमावलं. युद्धात शहराला वेढा पडला तेव्हा ते गावी परतले आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहू लागले. त्यांचा स्वयंपाक मीच करायची.

त्या वसंतात वादळाने प्रुदेन्सियोची होडी गिळली. त्याची बायको ग्रासियाना माझ्याच वयाची, धक्क्यावर जाळी दुरुस्त करायची. तिच्या पदरात तान्ही मुलगी होती. एका सकाळी ती मुलीला काखोटीला मारून थेट मामांच्या खोलीत आली.

"ब्लासदादा, माझ्या नवऱ्याचं चित्र काढून द्या."

"बाई गं, समोर माणूस बसल्याशिवाय मी काढत नाही."

"समोर बसला असता तर चित्र कशाला मागितलं असतं? पोरीला बाप कसा होता ते दाखवायचंय."

मामांनी नाही म्हटलं. ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्याही दिवशी आली. जिन्यात बसून जाळं विणत राहायची. शेवटी मामाच वैतागून मला म्हणाले, "तोमासा, बोलव तिला आत."

त्यांनी प्रुदेन्सियोच्या भावाला समोर बसवलं, नाक जरा लांब केलं, केस दाट केले. ग्रासियानाने पाहिलं आणि म्हणाली, "हा त्याचा भाऊ. हा तर रोज माझ्या दारावरून जातो."

मामांनी रंग खरवडून काढला. पुन्हा काढलं. या वेळी तिने सांगितलेली भुवयांवरची खूण, हनुवटीची खळी, सगळं जागच्या जागी होतं. ती बराच वेळ बघत राहिली.

"आहे तोच. पण मेलेला आहे."

त्या रात्री मामा जेवले नाहीत. सकाळी त्यांनी तिला विचारलं, "घरात तो कसा दिसायचा? बोलताना, हसताना?"

ग्रासियाना म्हणाली, "घरात तो झोपलेला असायचा, नाहीतर ताटावर मान घालून जेवत असायचा. मी तरी त्याला नीट कुठे बघितलं? तो खरा होडीवर असायचा. तिथल्यांना विचारा."

मामांनी डगला चढवला आणि सरळ धक्क्यावर गेले. प्रुदेन्सियो आधी ज्याच्या होडीवर होता तो म्हातारा तांडेल मार्तिकोत त्यांना ओळखून होता.

"तू येणार समुद्रावर? वल्ही मारायला माणसं लागतात मला, ओकणारी नाहीत."

"वल्हं मारतो. ओकतोही. जागा दे."

दिवस उजाडायच्या आत होडी निघाली. मामांच्या पोटात मक्याची भाकरी होती, होडी बंदराबाहेर पडताच ती समुद्रात गेली. खलाशी खदाखदा हसले. मामा तोंड पुसायचे, वल्हं ओढायचे आणि परत पाण्यावर वाकायचे. मार्तिकोत म्हणाला, "प्रुदेन्सियो तिथे पुढे बसायचा. पाण्यावरची नजर न काढता मागच्यांशी बोलायचा, मान अर्धीच वळवून. बहुतेक चावटपणाच असायचा."

मामा अनेक दिवस जात राहिले. पुढे बसणारा माणूस मान वळवतो तेव्हा गळ्याची शीर कशी ताणते, वाऱ्याने एक डोळा कसा बारीक होतो, हे बघून यायचे आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने कुंचला हातात घ्यायचे. मी म्हणायची, "मामा, आज राहू दे." ते म्हणायचे, "आज दिसलंय. उद्या विसरेन."

ग्रासियानाला बोलावलं तेव्हा ती आधी दारातच थांबली. चित्रातला माणूस पाण्यावरची नजर न काढता मान अर्धीच मागे वळवून होता, काहीतरी बोलून नुकताच थांबल्यासारखा. तिने मुलीला खाली ठेवलं आणि जवळ गेली.

"कान जरा मोठे झालेत," ती म्हणाली.

"करतो लहान."

"नको. हात लावू नका त्याला." मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि वादळानंतर पहिल्यांदा रडली.

त्यानंतर समुद्राने नवरे नेलेल्या इतर बायका येऊ लागल्या. बिल्बावहून एका व्यापाऱ्याचा माणूस दोनदा बोलवायला आला, तेव्हा मामांनी सांगितलं, "इथलं काम आटोपलं की येतो." ते आटोपलं नाही. ज्याचं चित्र असेल तो पूर्वी ज्या होडीवर असायचा तिच्यावर ते आधी जायचे, आणि म्हातारपणीसुद्धा प्रत्येक वेळी ओकायचे. खलाशांनी हसणं केव्हाच सोडलं होतं; आता ते आपणहून त्यांना होडीच्या कडेची जागा द्यायचे.

शेवटी ते मार्तिकोतचं चित्र काढत होते. तो पार थकला होता, पण जिवंत होता, समोर बसून सारखा कुरकुरायचा. चेहरा पूर्ण झाला, हात राहिले, आणि त्या हिवाळ्यात छातीत कफ होऊन मामा गेले. बिल्बावच्या एका चित्रकाराने हात पूर्ण करून देतो म्हटलं. "त्याने मला होडीवर कधी बघितलंय?" म्हणत मार्तिकोतने चित्र तसंच घरी नेलं आणि चुलीवरच्या भिंतीला टांगलं.