शून्यातून जाणारी रेघ

विष्णुपंत वाईला घरी येऊन बसले, त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. पण कुणी सांगलीच्या शाळेचं नाव काढलं, की स्वारी आरामखुर्चीत सरसावून बसायची. "काय वर्ग होता तो, काय वर्ग!" असं म्हणायचे. त्याच वर्गाला त्यांनी तीन वर्षं फसवलं होतं, आणि ते त्यांना अजून टोचत होतं.

गोष्ट लढाईच्या दिवसांतली. रॉकेलपासून कागदापर्यंत सगळ्याचीच टंचाई. चौकटींचा कागद तर सांगलीच्या पेठेत औषधालाही मिळेना. पोरांना आलेख शिकवायचे कशावर, म्हणून हेडमास्तर कपाळाला हात लावून बसले, तर गणित शिकवणारे विष्णुपंत म्हणाले, "माझ्यावर सोडा." केरबा सुताराला बोलावून त्यांनी फळ्यावर एक आडवी आणि एक उभी खाच पाडून घेतली. दोन्ही खाचांत चार-चार बोटांवर बारीक पितळी खिळे ठोकले. आडवा तो क्ष-अक्ष, उभा तो य-अक्ष, आणि दोन्ही मिळतात तिथला खिळा शून्याचा. मग समीकरण घ्यायचं. तीन क्ष अधिक चार य बरोबर बारा. क्ष शून्य धरा, य तीन. य शून्य धरा, क्ष चार. उभ्या अक्षावरच्या तिसऱ्या खिळ्याला आणि आडव्यावरच्या चौथ्याला खडू फासलेली दोरी बांधायची, ताणायची, मधोमध चिमटीत धरायची आणि टणकन सोडायची. फळ्यावर पांढरीशुभ्र रेघ! पोरं खूश, हेडमास्तर खूश. कागदावाचून आलेख काढतात म्हणून विष्णुपंतांची गावभर वाहवा झाली.

खरी गोम वेगळीच होती. कागदाचे ढीग पडले असते, तरी त्यांनी खिळे ठोकलेच असते. त्यांना फळा दिसेनासा झाला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेलीही फार टिकायची नाही. खिळे मात्र बोटांना मोजता येत. हे गुपित फक्त त्यांच्या बायकोला, उमाबाईंना ठाऊक, असा त्यांचा समज. शिकवणं सुटलं तर आपण कोण, ही भीती त्यांना सोडायची नाही. पण बायकोपुढेही त्यांनी कधी तसा ब्र काढला नाही.

रोजची समीकरणं सकाळी घरीच ठरायची. मराठी चौथी शिकलेल्या उमाबाई तांदूळ निवडता निवडता पुस्तक वाचून दाखवायच्या. "दोन क्ष वजा पाच य बरोबर दहा. अहो, हे जमेल. आडव्यावर पाच, उभ्यावर उणे दोन."

"वा! आणि पुढचं?"

त्या पुढचं वाचायच्या. "ते नको," विष्णुपंत म्हणायचे. ज्याला दोन अक्षांवर दोन वेगळे खिळे मिळत नाहीत, ते समीकरण खड्यासारखं बाजूला पडायचं.

वर्गात एक घोळ दरवर्षी ठरलेला. रेघ आडव्या अक्षाला कुठे छेदते विचारलं, की अर्धी पोरं क्ष शून्य धरायची. अक्ष क्षचा, मग शून्यही क्षच! विष्णुपंत ओरडून ओरडून थकायचे. शेवटी तो गुंता धुळानं सोडवला. धुळा कवठे महांकाळकडच्या मेंढपाळाच्या घरातला. कळपामागं हिंडण्यात वर्षं गेली, म्हणून मिसरूड फुटल्यावर या वर्गात पोचलेला. तो उठून म्हणाला, "टेकाडावनं मेंढरं उतरून वाटंवर आली, की टेकाड संपलं. वाटंवर हुबं ऱ्हायल्यावर उंची कसली रं? वाटंनं किती म्होरं आलो, त्येवढंच मोजायचं." म्हणजे य ही उंची, आणि वाटेवर ती शून्य. सगळ्या वर्गाला पटलं. तेव्हापासून विष्णुपंतांचा या गड्यावर फार जीव.

तिसऱ्या वर्षी ऐन थंडीत शाळेच्या तपासणीला इन्स्पेक्टर आले. मागच्या बाकावर बसून त्यांनी दोन रेघा कौतुकानं पाहिल्या आणि म्हणाले, "आता य बरोबर दोन क्ष काढा."

क्ष शून्य, तर य शून्य. विष्णुपंतांनी सवयीनं दोरीचं एक टोक शून्याच्या खिळ्याला बांधलं. य शून्य, तर क्षही शून्य. दुसरं टोकसुद्धा त्याच खिळ्यावर! दोरी फळ्यावर नुसती लोंबत राहिली. ही रेघ शून्यातूनच जाते. तिचा दुसरा बिंदू अक्ष सोडून मोकळ्या फळ्यावर शोधावा लागतो, आणि तिथे खिळा नव्हता. बावीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं थोडंच? ठाऊक होतं, म्हणूनच तर अशी एकूणएक रेघ त्यांनी टाळली होती.

"राहू द्या गुरुजी, मुलांतलं कुणी काढील," इन्स्पेक्टर म्हणाले. धुळा उठला. "सायेब, ह्यो प्रकार आमी शिकलो न्हाई."

शाळा सुटण्याची जी भीती विष्णुपंतांनी तीन वर्षं पोटाशी धरली होती, ती त्या क्षणी कुठल्या कुठे गेली. मॅट्रिकला हीच रेघ आली तर? आपली मूठ झाकलेली राहावी म्हणून या पोरांनी कोरं पान देऊन यायचं? त्यांना स्वतःची लाज वाटली.

"साहेब, दोष माझा आहे," ते म्हणाले. "मला फळा दिसत नाही. जे दिसल्यावाचून काढता येत नाही, ते मी यांना शिकवलंच नाही."

"मार्चनंतर तुम्हाला ठेवता येणार नाही, गुरुजी," इन्स्पेक्टर हळूच म्हणाले. "पण मार्चला अवकाश आहे. शिकवा."

विष्णुपंतांनी धुळाला फळ्यापाशी बोलावलं. "क्ष एक धर. य किती?"

"दोन."

"आडव्यावर एक घर जा. तिथून सरळ वर दोन घरं. खूण कर. आता शून्यापासून त्या खुणेवरून दोरी ताण आणि सोड."

दोरी टणकन वाजली.

"आली का सरळ?"

"आली, मास्तर."

"तुम्हाला मी आधीच सांगायला हवं होतं रे," विष्णुपंत म्हणाले.

"आमाला ठावं हुतं," धुळा म्हणाला. "तुमी फळा पुसला, की निम्मी रेघ तशीच ऱ्हायची. मधल्या सुट्टीत आमी पुसून घ्याचो. आळीपाळीनं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

उत्तर मागच्या बाकांवरून कुणीतरी दिलं.

"बोललो आसतो, तर तुमी गेला आसता, मास्तर."