सुलभावहिनींचं झाकलेलं पातेलं

सुलभावहिनी झाकलेलं पातेलं घेऊन घराबाहेर पडल्या की आमच्या गल्लीतले लोक दारात येऊन विचारतात, "कोण गेलं?"

थट्टा करत नाही. माझी सवय तशी आहे, पण हे खरं आहे. आमच्या मेहकरात ज्या घरचं माणूस जातं, त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. लोक स्मशानातून परतले की शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची आणि घरच्यांना दोन घास बळंच खाऊ घालायचे. त्याला कडू घास म्हणतात. आता वीस-पंचवीस माणसांचं पिठलं आणि तेवढ्या भाकरी तासाभरात कोण करणार? ज्याचा हात सगळ्यात चालता, तोच. तीस वर्षांपूर्वी केव्हातरी हे काम सुलभावहिनींकडे आलं आणि त्यांच्याकडेच राहिलं. कोणी त्यांना नेमलं नाही, कोणी विचारलंही नाही.

हात चालता होता याचं कारण सव्वानऊची एसटी. वहिनी हिवरा आश्रमला एका शाळेत क्लार्क होत्या. नळाचं पाणी भरणं, दोन पोरांच्या वेण्या-दप्तरं, हे सगळं उरकून स्वयंपाकाला त्यांच्याकडे वीस मिनिटं उरायची. त्यांचे यजमान वैजनाथभाऊ पोस्टात. देवमाणूस, पण चहा करायला सांगितला तर भांडं कुठे असतं इथपासून सुरुवात. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणतो.

त्यांचं स्वयंपाकघर आणि आमचं, मध्ये एक भिंत. आमचं घड्याळ बंद पडलं तेव्हा दोन महिने आम्ही ते दुरुस्तच केलं नाही. पलीकडे मोहरी तडतडली म्हणजे पावणेनऊ. भाकरी थापल्याचा आवाज थांबला म्हणजे नऊ. कडी वाजली म्हणजे नऊ-पाच, आणि त्यानंतर चपलांचा जो फटफट आवाज जायचा, त्यावरून गाडी मिळणार की नाही हे माझी आई चहा गाळता गाळता सांगायची.

एवढ्या वेळात काय व्हायचं? सगळं. एका शेगडीवर तवा, एकीवर कढई. विळी नाही, पाट नाही. कांदा हातातच धरून चाकूनं थेट कढईत. बेसन रविवारीच भाजून डब्यात ठेवलेलं, म्हणजे पिठलं पाच मिनिटांत. दाण्याचा कूट बरणीत. लसूण रविवारी टीव्हीसमोर बसून सोललेला. रात्री भिजत घातलेली हरभऱ्याची डाळ असली की सकाळी डाळकांदा. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेल्या मुगवड्या असल्या की त्यांचा रस्सा. पालक-मेथी असली की तिला ज्वारीच्या पिठाचं आलन लावून घट्ट केलेली भाजी, म्हणजे डब्यातून सांडायला नको. मला चिडवायला विषय हवा असायचा. मी कुंपणावरून विचारायचो, "वहिनी, आज काय, स्वयंपाक केला का नुसता दाखवला?"

"तुम्ही ताट घेऊन या भाऊजी, मंग सांगतो काय केलं ते." हे ऐकायला मी रोज जायचो. ताट मात्र कधी नेलं नाही.

मागल्या दिवाळीत त्यांची मुलगी प्राची पुण्याहून आली. तिथे कंपनीत आहे. आईच्या हातचं जेवताना म्हणाली, "आई, तुझ्या स्वयंपाकात दूध नाही, दही नाही, तूप नाही. आमच्याकडे याला व्हीगन म्हणतात. लोक मुद्दाम पैसे देऊन खातात."

वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे याले दूधवाला उशिरा येणं म्हणतात. तो साडेनऊले येये, मी सव्वानऊले जाओ."

तर असा हा हात. पण गल्लीच्या वाट्याला तो यायचा फक्त त्या एका दिवशी.

माझे वडील गेले तेव्हाचं सांगतो. दुपारचे तीन वाजले असतील. आम्ही नदीवरून येऊन ओलेच बसलो होतो. वहिनी शाळेतून अर्धी रजा टाकून आल्या होत्या. पातेल्यावरचं ताट काढलं. आत पांढुरकं पिठलं. सुतकाच्या पिठल्याला हळद नाही, फोडणी नाही. मेलेल्या माणसाच्या घरी चर्र आवाज जायला नको म्हणून. मी म्हटलं, मला नको. त्यांनी काही समजावलं नाही. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि माझ्या हातावर ठेवला. भाकरी गरम होती. एवढंच मला त्या दिवसातलं नीट आठवतं. सकाळपासून सगळं गार होतं आणि ती भाकरी तेवढी गरम होती.

मी आजवर कोणाला हे बोललो नाही. गल्लीत माझ्याकडून लोकांची अपेक्षा वेगळी असते.

गेल्या जूनमध्ये वहिनी रिटायर झाल्या. पहिला महिना त्यांनी झोप काढली. दुसऱ्या महिन्यात भिंतीपलीकडून पुन्हा पावणेनऊला मोहरी तडतडू लागली. जायचं कुठेच नव्हतं, पण हात ऐकेनात. दोघांच्या घरात सहा जणांचं शिजायला लागलं. आणि त्यांना दिसायला लागलं की गल्लीतल्या सगळ्या सुना आता त्यांच्यासारख्याच पळताहेत. कोणी बँकेत, कोणी तहसीलमध्ये, कोणी ट्यूशनच्या मागे. संध्याकाळी पाकिटातल्या शेवया आणि ब्रेड.

शेजारच्या समताला त्या एकदा म्हणाल्या, "तू दुसरबीडहून सात वाजता येतं. मी डबा देत जाऊ काय? मले वीस मिनिटं लागतात."

समता बँकेत आहे. गोड मुलगी, खोटं बोलता येत नाही. ती लाल झाली. म्हणाली, "काकू, मला चालेल हो. पण बाबा..."

बाबा म्हणजे तिचे सासरे, शालिग्राममामा. वय चौऱ्याऐंशी. दम्यानं दिवाळीपासून खाटेवर, आवाज मात्र शाबूत. ते आतून ओरडले, "तिचं पातेलं या उंबऱ्याच्या आत आलं तं मी गेलोच समजा!"

इतर घरांनी एवढं स्पष्ट सांगितलं नाही. कोणी म्हणालं पथ्य आहे, कोणी म्हणालं आमच्याकडे उशिरा जेवतात. कोपऱ्यावरच्या जनकाबाईंनी तर डबा हातात घेतला, वर तुळशीचं पान ठेवलं आणि वहिनींची पाठ वळताच गाईला घातला. हे मी पाहिलं, आणि मूर्खासारखं गंमत म्हणून वहिनींना सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. कुंपणाच्या तारेवरचं फडकं काढून घडी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, या गल्लीतलं एकही घर नाही ज्यानं माह्या हातचं खाल्लं नाही. पण तीस वर्षांत कोणी हसून खाल्लं नाही. मले एक डाव तसं पाहाचं होतं. तेवढंच."

मी तारेवरचं दुसरं फडकं काढलं आणि घडी करून त्यांच्या हातात दिलं.

आता पुढचं सांगताना मला थोडी लाज वाटते, कारण त्यात माझाच हात आहे.

मार्च अखेर होती. समता बँकेत अडकलेली, तिचा नवरा शेखर दौऱ्यावर. शालिग्राममामांसाठी भात करून ठेवला होता, तो मांजरानं उपडा केला. मामांनी ते फोनवर सांगितल्यावर दुपारी एक वाजता समतानं बँकेतून वहिनींना फोन केला, "काकू, बाबा सकाळपासून उपाशी आहेत. काहीही द्या. ते ओरडले तर ओरडू द्या." हे मला नंतर कळलं. मला तेव्हा दिसलं ते एवढंच, की भर उन्हात सुलभावहिनी, हातात झाकलेलं पातेलं, वर फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी, आणि पावलं शालिग्राममामांच्या दाराकडे.

मी मोबाईल उचलला. गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं, "आपले लाडके शालिग्राममामा आपल्यात राहिले नाहीत." खाली सहा जोडलेले हात. मग विचार केला, समोर जाऊन पाहावं का? पण इतक्यात नागपूरहून, पुण्याहून श्रद्धांजल्या येऊ लागल्या आणि त्यांना उत्तरं देण्यातच पंधरा मिनिटं गेली.

अर्ध्या तासात गल्ली भरली. जनकाबाई पदर तोंडाला लावून सगळ्यांच्या पुढे. कोणीतरी हार आणला. कोणी लाकडांचं विचारत होतं. शेखरला दौऱ्यावर फोन गेला. त्याला ते पटेना. त्यानं बापाचाच नंबर लावला.

आणि आतून फोन वाजला, आणि आतून आवाज आला, "कोण हाय बे? जेवू द्या नं मले!"

जनकाबाई मटकन पायरीवर बसल्या.

आम्ही आत गेलो. शालिग्राममामा खाटेवर उशीला टेकून बसलेले. पुढ्यात ताट. ताटात पिवळंधमक पिठलं, वर लसणाची लाल फोडणी, बाजूला ठेचा, आणि अर्धी भाकरी संपलेली. शेजारी वहिनी पंख्यानं वारा घालत बसलेल्या. दारात हार घेतलेला माणूस पाहून त्यांचा पंखा थांबला. त्या सगळं एका क्षणात समजल्या. त्यांनी पातेल्यावर ताट झाकायला हात पुढे केला.

मामांनी तो हात धरला. "झाकू नको. ठेव उघडं." मग आमच्याकडे पाहून, "काऊन बे, एवढे सारे जण कायले आले?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. शेवटी मीच म्हणालो, "मामा, वहिनींचं पातेलं पाह्यलं. आमाले वाटलं..."

"मी गेलो?"

"हाव."

मामांनी हाराकडे पाहिलं. हार आणणाऱ्याकडे पाहिलं. खोकला आला, तो जिरवला. मग म्हणाले, "मीबी तेच म्हटलं हिले. तू आली म्हणजे मी आता जातो. पण भूक लागली होती लेका. म्हटलं, जायचंच हाय तं खाऊन जाऊ. माह्या मरणाचं पिठलं तुम्ही सारे खासान, बोटं चाटसान, आन् मले कधी समजणार नाही कसं झालं होतं ते. म्हणून म्या आधीच खाऊन घेतलं."

"मंग?" जनकाबाईंनी पायरीवरून विचारलं. "कसं झालं?"

"तुले सांगू? तू तं गाईले घातलं म्हणतात!"

कोण आधी हसलं ते मला सांगता येणार नाही. बहुतेक हारवाला. त्याच्या हातातला हार हलायला लागला, मग त्याचे खांदे, आणि मग सगळी खोली. जनकाबाई डोळे पुसत होत्या, पण आता ते पाणी वेगळं होतं. मामा हसता हसता खोकत होते, आणि खोकता खोकता मला शिव्या देत होते. त्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मला त्या पाठ आहेत.

सगळे उन्हातनं धावत आलेले, कोणी ताटावरून उठून आलेला. मामांनीच हुकूम सोडला, "आले तसे जेवून जा. माह्या नावानं आले, उपाशी कायले जाता?"

पातेलं तिघांचं, माणसं अठरा. वहिनी उठल्या, समताच्या स्वयंपाकघरात शिरल्या. त्यांनी डबे उघडले, बेसन सापडलं, ज्वारीचं पीठ सापडलं. जनकाबाई मागोमाग गेल्या आणि न सांगता परातीपुढे बसल्या. मला कांदे फोडायला बसवलं. मी मोबाईल पाहिला नाही, पण सांगतो, वीस मिनिटांपेक्षा जास्त लागली नाहीत. ओसरीत, अंगणात, पायरीवर, जागा मिळेल तिथे लोक बसले. ताटं पुरली नाहीत, काहींनी भाकरीवरच पिठलं घेतलं. हार दाराच्या खुंटीला लटकत होता. समता ग्रुपवरचा मेसेज पाहून बँकेतून धापा टाकत आली, तिला दारात हार दिसला आणि आतून हसण्याचा आवाज. बिचारी उंबऱ्यातच उभी राहिली. तिच्या हातात भाकरी देऊन आम्ही तिला बसवलं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हात पिठाचे. त्या एकेकाकडे पाहत होत्या. कोणी घास घेऊन बोलत होतं, कोणी हसताना ठसका लागून पाणी मागत होतं, दोघं जण माझ्या त्या मेसेजवरून मला टपल्या मारत होते. त्यांच्याकडे फार वेळ पाहणं मला जमलं नाही, म्हणून मी खाली पाहून कांदा फोडत राहिलो. आता कांद्याचं निमित्त होतं, बरं झालं.

मग त्यांनी पदराला हात पुसले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "उद्या काय करू?"

कडू घासाला हा प्रश्न नसतो. अठरा जणांनी एकदम तोंडं उघडली. समताला आलन लावलेली मेथी हवी होती, तीही डब्यात, दुसरबीडला न्यायला. हारवाल्याला डाळकांदा. जनकाबाई म्हणाल्या मुगवड्या, पण रस्सा पातळ नको. मी म्हटलं, मला काहीही चालेल, तर सगळे ओरडले, तुले कोणी विचारलं बे.

मामांनी खाटेच्या कडेवर काठी आपटली. "गप राहा! मी अजून जित्ता हाव. माह्या मनचं होईन."

"सांगा नं मंग, मामाजी," वहिनी म्हणाल्या.

मामांनी ताटातल्या उरल्या पिठल्यावरून बोट फिरवलं आणि चाटलं. "हेच कर," ते म्हणाले. "पण उद्या हार नका आणू बे."