अंगाचं आणि लोकांचं

निजामाच्या राज्यात रागीट माणसं पुष्कळ होती. अंमलदार रागीट होते, जमादार रागीट होते, नांदेडच्या उन्हाबद्दल तर बोलायलाच नको. पण कापडावर चिडणारं माणूस अख्ख्या मुलखात एकच होतं आणि ती माझी सख्खी आत्या होती. शाळेसाठी भोकरहून नांदेडला आलेला मी नेमका तिच्याच घरी राहायला होतो. मला तिचा राग यायचा. अजूनही येतो. हे लिहिता लिहिता मी मघाशीच उठून बायकोशी भांडून आलो, आणि भांडणाचा विषय काय, तर उशीचा अभ्रा खरखरीत आहे. म्हणजे बघा, माणूस गेलं तरी त्याचा राग घरात वारसाहक्कानं नांदतो तो असा.

आत्याच्या लेखी जगातल्या सगळ्या कपड्यांचे दोनच भाग होते. एक अंगाचं आणि दुसरं लोकांचं. जे कातडीला लागतं ते अंगाचं. त्याला पैसा सोडताना हात आखडायचा नाही. जे दुसऱ्याच्या डोळ्याला लागतं ते लोकांचं. ते बाजारात सगळ्यात स्वस्त मिळेल ते उचलायचं. सगळी दुनिया याच्या बरोबर उलट वागते, म्हणून सगळ्या दुनियेवर तिचा राग. त्यामुळं आमच्या घरी दिवसा गाद्या झाकायचे पलंगपोस असे जाडेभरडे की पाहुण्यांना वाटावं धान्य वाळत घालायची ताडपत्री आहे, आणि उशांचे अभ्रे मात्र असे तलम की गाल टेकवला की झोपच. टोपी गावात सगळ्यात हलकी, पण तिच्या आत कपाळाला लागणारी पट्टी मलमलीची. जोडे करायला टाकले की चांभाराला ती दटावून सांगायची, "वरून कायबी लाव, मेलेल्या रेड्याचं लाव, पण आत पायाला लागतं ते मऊ पायजे. न्हाई तर जोडा तुझ्याच डोक्यात घालीन." चांभार मऊ कातडं लावायचा. त्याचा तिच्यावर विश्वास होता, ती घालेल असा.

या शास्त्राचा पहिला बळी म्हणजे तिचे यजमान. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात. मामा मुन्सफ कोर्टात पेशकार, म्हणजे साहेबांपुढं कागद मांडणारे कारकून होते आणि स्वभावानं इतके गरीब, की आरोपीसुद्धा त्यांच्याशी जरा दमानं बोलत. कचेरीत शेरवानी घालावीच लागे. मामांची शेरवानी आत्यानं घेतलेली, म्हणजे उन्हानं विटून तिचा रंग नेमका कोणता हे सांगणं कठीण झालेलं. तिच्याखाली मात्र ढगासारखी मलमलीची बंडी. लोकांना बंडी दिसत नव्हती, शेरवानी दिसत होती. शेवटी एका सोबतच्या अहलकाराला, म्हणजे कचेरीतल्याच कारकुनाला, दया आली आणि त्यांनी आपली जुनी, पण बरी शेरवानी मामांच्या हाती दिली. मामा ती काखेत मारून आनंदानं घरी आले. आत्यानं एकदा शेरवानीकडं बघितलं, एकदा मामांकडं, आणि ती तशीच पायात चपला सरकवून त्या अहलकारांच्या घरी गेली. शेरवानी परत केली तर केली, वर अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेली त्या गृहस्थांची बंडी चिमटीत धरून त्यांच्या बायकोला म्हणाली, "वैनी, हे पोतं घालता व्हय नवऱ्याला? अगोदर ह्यांच्यावर दया करा, मग आमच्यावर." त्या घराशी आमचं येणं-जाणं दोन वर्षं बंद होतं. मामांचं म्हणणं, ते गृहस्थ मात्र त्या दिवसापासून मलमलीची बंडी घालून येऊ लागले आणि कामात त्यांच्या चुका कमी झाल्या.

कापड खरेदीचा दिवस आला की मी घरातून पळ काढायला बघायचो, कारण आत्या मला सोबत न्यायची, आणि ती पिशवी धरायला नव्हे. ती कापड डोळ्यांनी बघतच नसे. शेठनं गठ्ठा उलगडून "बाई, रंग तर बघा" म्हणायचा अवकाश, की ती कडाडायची, "रंग तुझ्या बायकूला दाखव! रंगाचं मला काय सांगून राहिलास?" मग ती डोळे मिटायची, कापड कोपराच्या आतल्या बाजूला घासायची आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही, की तेच कापड भर दुकानात माझ्या मानेवर घासायची आणि ओरडायची, "टोचतं का?" मी लाजेनं चूर. मी गप्प राहिलो की आणखी जोरात घासायची, "अरे बोल की! टोचतं का?" एकदा आमच्या शाळेतली चार पोरं समोरच्या पानाच्या ठेल्यावर उभी होती. पुढं वर्षभर मला वर्गात कुणी नावानं हाक मारली नाही. मी दिसलो की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "टोचतं का?" राग येणार नाही तर काय?

आता मशरूबद्दल सांगायला हवं, कारण घोटाळा त्यानंच केला. मशरू म्हणजे एका अंगानं रेशीम आणि दुसऱ्या अंगानं सूत असं पट्ट्यापट्ट्यांचं कापड. सुताची बाजू अंगाला घ्यायची आणि रेशीम बाहेर मिरवायचं, ही त्याची जुनी रीत. आत्याला ही रीत म्हणजे शुद्ध बेइमानी वाटायची. "दुनियेला रेशीम आन मला सूत? का, दुनिया काय माझी सासू हाय?" तिच्या मशरूच्या चोळ्या सगळ्या उलट शिवलेल्या असत. रेशीम आत, सूत बाहेर. आमचे दर्जीमियां, म्हातारे आणि सोशिक माणूस, दर वेळी एकदा म्हणून बघायचे, "अम्मा, उल्टा हो जाएगा ना जी." आणि दर वेळी ऐकून घ्यायचे, "सुलट शिवून आजवर कुणाचं भलं झालंय?"

मी परीक्षा पास झालो आणि तहसील कचेरीत उमेदवारीसाठी तहसीलदार साहेबांपुढं उभं राहायचा दिवस ठरला. जागा एक आणि उमेदवार आम्ही सातजण. घरी वडिलांचा कोरडवाहू तुकडा, पाठीवर दोन भाऊ. ही नोकरी लागली तर सगळ्यांचं काहीतरी होणार होतं. शेरवानी नवी हवी हे आत्यालाही मान्य होतं. तिनं पेटीतून जांभळं, पांढऱ्या पट्ट्यांचं उत्तम मशरू काढलं. स्वतःसाठी जपून ठेवलेलं ते. माझा ऊर भरून आला. मग तिनं दुसऱ्या हातानं काळं, जाडं, खळ घातलेलं सुती कापड काढलं. त्याच्या छत्र्या करतात तसलं. आणि दर्जीमियांना सांगितलं, "हे काळं बाहेर. मशरू अस्तराला. रेशीम आत."

मी हातापाया पडलो. म्हणालो, आत्या, साहेब अस्तर बघणार नाहीत. ती म्हणाली, "तेच तर. साहेबाला कशाला दाखवायचं माझं मशरू?" म्हणालो, मला नोकरी लागणार नाही. म्हणाली, "कपड्याला नोकरी लागत आसती तर दुकानातले गठ्ठे तहसीलदार झाले आसते." माझं डोकंच फिरलं. मी तसाच दर्जीमियांकडं गेलो आणि वयाच्या विसाव्या वर्षी शोभेल इतक्या सफाईनं खोटं बोललो, की आत्या घाईत उलटं सांगून गेली. मशरू बाहेर आणि काळं अस्तराला. दर्जीमियांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगू. म्हणाले, "मैं भी सोच रहा था मियां, इत्ता उल्टा तो अम्मा भी नईं बोलते."

साहेबांपुढं जायच्या दिवशी घरून निघताना शेरवानी कागदात गुंडाळून नेली आणि कचेरीच्या मागं चिंचेखाली चढवली. उन्हाळा म्हणून आत नुसती बिनबाह्यांची बंडी. कचेरीच्या पायऱ्या चढलो तर दारावरच्या चपराशानं उठून मला सलाम ठोकला. पुढच्या यशाची ती नांदीच वाटली मला. मग ओसरीत बसून राहिलो. एक तास, दोन तास. ऊन वाढलं, घाम सुटला आणि आतल्या त्या काळ्या कापडाची खळ जागी झाली. आधी मानेला, मग दंडाला, मग काखेत असं काही टोचू लागलं, की वाटावं कुसळांच्या गंजीत उतरलोय. बाकीचे सहाजण साध्या कपड्यात शांत बसलेले आणि मी जांभळ्या रेशमात बाकाला पाठ घासतोय. माझं नाव पुकारलं तेव्हा माझा एक हात कॉलरमध्ये होता. दुसऱ्या हातानं सलाम केला. साहेबांनी मान वर केली, चष्मा पुसला आणि अत्यंत अदबीनं विचारलं, "बरखुरदार, आप दूल्हे हैं या बाजेवाले?"

कारकून हसले. चपराशी हसला, तोच मघाचा. मी घाबरून काहीतरी बोलायला गेलो आणि तेवढ्यात काखेत खाजवलं. साहेब म्हणाले, "परसों आइए. आदमियों के कपड़ों में."

घरी आलो. शेरवानी बदलायचंही भान राहिलं नव्हतं. आत्या दारातच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं माझी कॉलर खाली ओढली. मान सोलून लाल झाली होती. "काढ," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दर्जीमियां ओसरीवर हजर. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला आत्या आणि मधे उसवलेली शेरवानी. दोघं टाके उसवत होती आणि आळीपाळीनं मला शिव्या देत होती, ते दख्खनीत, ही मराठीत. "मैं बुढ्ढा आदमी, मेरेकू झूट बोले मियां!" "त्याला काय विचारता, त्याला लाज आसती तर!" अशी दुपार झाली. दर्जीमियां नमाजाला गेले. आणि आत्या मान वर न करता, सुई चालू ठेवून बोलायला लागली. तिचा आवाज रागाचाच होता, पण तो राग माझ्यावरचा नव्हता.

"धा वरसाची होते मी. लग्नाला शालू आणला जळकोटच्या सावकाराकडनं, मागून आणलेला. ह्या एवढ्या जरीचा. दोन दिवस घालून बसवलं मला. जरीनं मान कापली, कंबर कापली, रक्त आलं. येईल ती बाई म्हणायची, काय सुंदर शालू, काय सुंदर शालू. मी रडून राहिले तर म्हणायच्या, माहेर सुटतंय म्हणून रडती. तिसऱ्या दिशी शालू घडी करून जळकोटला गेला. रंग कोणता व्हता त्याचा, मला आठवत बी न्हाई. लोकास्नी आठवतो." तिनं दोरा दातानं तोडला. "आई व्हती, मावश्या व्हत्या, गाव व्हतं. एकीनं न्हाई इचारलं, पोरी, टोचतं का."

मी दुसरी सुई ओवली आणि तिच्यापुढं धरली.

शेरवानी संध्याकाळपर्यंत उलटी, म्हणजे आत्याच्या मतानं सुलटी झाली. बाहेर छत्रीचं काळं कापड, त्यावर जुन्या टाक्यांच्या खुणा. अंगात घातली तर आतून गार पाण्यात हात घालावा तसं वाटलं. आत्यानं कॉलर नीट केली आणि खेकसली, "टोचतं का?" म्हटलं, "न्हाई." "मग ताठ उभा राहा की!"

तिसऱ्या दिवशी साहेबांपुढं ताठ उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. चार ओळी उर्दूत लिहायला सांगितल्या, हिशेबाचा एक प्रश्न घातला आणि कागदावर सही केली. नोकरी माझ्या अक्षरानं मिळाली की मशरूनं, यावर आमच्या घरात पुढं कधी एकमत झालं नाही. सोबतचे लोक माझी कीव करायचे. चारचौघांत ती शेरवानी खरोखर भिकार दिसायची. मी आत हसत असायचो.

उमेदवारी संपून पहिला पगार हाती आला तेव्हा मी थेट त्या शेठच्या दुकानात गेलो. गठ्ठे काढायला लावले, डोळे मिटले आणि एकेक कापड कोपराच्या आत घासायला लागलो. शेठ घाबरून दाराकडं बघत म्हणाला, "बाई बाहेर उभ्या हायेत का?" सगळ्यात मऊ मशरू निवडलं आणि घरी येऊन आत्याच्या हातात ठेवलं. तिनं सवयीनं डोळे मिटले. कापड कोपराशी नेलं, हळूच फिरवलं. तेव्हा मी विचारलं, "आत्या, टोचतं का?"

तिनं कापड पुन्हा एकदा फिरवलं. मामा दप्तर आवरता आवरता थांबले. मग ती म्हणाली, "न्हाई." आणि डोळे न उघडताच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "रंग कोणता हाय रं?"

मी सांगितला. तिनं डोळे उघडून एकदा बघितलं, आणि लगेच माझ्यावर ओरडायला लागली, की इतकं महागाचं घ्यायला तुला कुणी सांगितलं, ठकवलं तुला, उद्या परत करून ये. कापड परत गेलं नाही. त्याची चोळी झाली. रेशीम आत.

निजाम गेला, शेरवान्या गेल्या, आत्याही गेली. माझ्या त्या शेरवानीचं काळं कापड कधीच विरून गेलं. अस्तर तेवढं पेटीत आहे. मुली मला म्हणतात, बाबा, दुकानात तुम्ही असं डोळे मिटून उभे राहू नका, लोक बघतात. बघू देत. मी कापड कोपराशी घासतो आणि जरा थांबतो. कानाशी कुणी खेकसेल म्हणून थांबतो. मग माझा मीच स्वतःला विचारतो, आणि डोळे उघडतो.