दगडाची मुदत

जर्मनीत, आखनला, आमच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारी एकटीच राहायची. ऐंशी ओलांडलेली, पाठीनं ताठ आणि तोंडाची फटकळ. मीही काही कमी फटकळ नाही, म्हणून आमचं जमलं. जिन्यात सायकल ठेवली म्हणून पहिल्याच आठवड्यात तिनं मला झापलं, मीही उलट बोलले, आणि रविवारी बाईसाहेब सफरचंदाचा केक घेऊन दारात हजर! पुढे दर रविवारी मी तिच्याबरोबर तिच्या आजीच्या कबरीला पाणी घालायला जाऊ लागले.

नागपूरहून आई फोनवर ओरडायची, "अवं बाई, लोक सुट्टीच्या दिवशी बागेत जातात, तू मसणात काऊन जाते?" तिला काय सांगू, इथलं मसण म्हणजे बागच असते. कबरीवर ऋतूप्रमाणे फुलं लावायची, तण काढायचं, पाणी घालायचं. कबर सुकली तर शेजारचे कबरवाले नाकं मुरडतात. नळाजवळ लोखंडी दांडा, त्याला ज्याची त्याची झारी साखळी-कुलपानं अडकवलेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. "मेलेल्यांच्या गावात चोरांची भीती?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हातारी म्हणाली. "मेलेले चोरत नाहीत. त्यांना भेटायला येणारे चोरतात."

गुडघे साथ देईनात तेव्हा तिनं झारीची किल्ली माझ्या हातात दिली. मग मी पाणी घालायचे आणि ती बाकावर बसून आजीच्या गोष्टी सांगायची.

आजी कापडगिरणीत होती. विणून आलेल्या कापडातल्या गाठी चिमट्यानं उपसायचं काम, दिवसभर मान खाली. शेजारणीशी बोललं तरी दंड. बायकांनी राजकीय सभेला बसायचं नाही असा तेव्हा कायदाच होता. मग आजीनं रविवारी कॉफीला बायका जमवायला सुरुवात केली. विणकाम घेऊन यायचं, आणि कागदावर एक अक्षर लिहायचं नाही. कागद सापडला की सगळ्याच सापडल्या. मोजा एकच, तो हातोहात फिरायचा. जी काम बंद करायला तयार, तिनं त्यात आपल्या हातानं एक ओळ विणायची. पोलीस दारात आला तर काय दिसणार? मोजा! तो गुडघ्यापर्यंत लांब झाला आणि एका सोमवारी चिमटे खाली ठेवले गेले. बोलण्याचा दंड रद्द झाला. आजीनं मोजा उसवला आणि त्याच लोकरीचं आपल्या तान्ह्याला टोपडं विणलं.

नंतर कुणीतरी चहाडी केली. आजी तुरुंगात गेली आणि इकडे बाळ तापानं गेलं. ते टोपडं घालूनच त्याला पुरलं. "संपाचं ती कधी सांगायची नाही," म्हातारी म्हणायची. "टोपड्याचंच सांगायची."

माझी आजी कामठीला विड्या वळायची. मोर्चात पुढे असायची म्हणतात. तिचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे. म्हणून असेल, पण म्हातारीच्या आजीत माझा जीव अडकला.

एका मार्चमध्ये दगडावर पिवळं स्टिकर दिसलं. कबरीची मुदत ऑक्टोबरात संपते, नातेवाइकांनी कचेरीत भेटावं. मी भडकलेच. मेलेल्या माणसाची कसली आली मुदत? पण इथे जागा ठरावीक वर्षांपुरतीच मिळते, मग दगड उचलून गवत पेरतात. त्या दफनभूमीचा नियम असा, की त्याच कबरीत नव्यानं कुणाला पुरलं तरच मुदत वाढायची. नाहीतर शहरानं मानाची कबर म्हणून राखायची.

आम्ही दोघी शहराच्या अम्टमध्ये, म्हणजे सरकारी कचेरीत, गेलो. साहेब भला होता, गोष्ट ऐकून गहिवरलासुद्धा. मग म्हणाला, "पुरावा काय आहे? संघटनेच्या सभासदत्वाचा कागद, वर्तमानपत्र, काहीही?"

"त्यांनी मुद्दामच काही ठेवलं नाही," म्हातारी म्हणाली. "म्हणून तर बाकीच्या सुटल्या."

"ते मला पटतं हो. पण फाइलमध्ये काय लावू?"

बाहेर आल्यावर ती पायरीवरच बसली. "अख्ख्या शहरात तिचं नाव त्या एका दगडावर आहे," म्हणाली. मग डोळे पुसून माझ्याकडे बघत, "आल्झो, म्हणजे मग ऑक्टोबरच्या आत मला मरायला हवं. मला तिथे ठेवलं की आजी वाचली."

"काहीतरी अभद्र बोलू नका!"

पण ती गंभीर होती. त्या उन्हाळ्यात तब्येत उलट सुधारली, तर त्यावरही चिडायची. "तुमच्या मुलाला लिहून द्या ना," मी म्हटलं. तर मान ताठ करून म्हणे, "आमच्या घरात कागद करत नाहीत. तुला सांगितलंय ना? झालं."

सप्टेंबरात ती जिन्यात पडली आणि आठवड्याभरात गेली. मी ढसाढसा रडले. रडता रडता मनात आलं, वेळेत गेली गं बाई.

मुलगा म्युनिकहून आला. केस पिकलेला, दमलेला, सभ्य माणूस. त्यानं आईसाठी त्याच दफनभूमीत गवताखालची बिननावाची जागा ठरवली होती. तिथे दगड नसतो, पाणी घालायला लागत नाही. मी त्याला सगळं सांगितलं.

"आईनं कुठे लिहिलंय हे?"

"नाही. मला सांगितलं होतं."

"मी सहा तास लांब राहतो. त्या कबरीकडे कोण बघणार?"

"मी बघेन."

"किती वर्षं?"

माझं इन्स्टिट्यूटमधल्या नोकरीचं कंत्राट वर्षावर्षानं वाढायचं. पुढच्या उन्हाळ्यात मी आखनला असेन की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं. पंचवीस वर्षांच्या नव्या मुदतीचा शब्द कुठल्या तोंडानं देणार? त्यानं माझा हात हातात घेतला, आभार मानले.

नोव्हेंबरात झारी घरी आणायला गेले. कुलूप काढलं आणि सवयीनं झारी नळाखाली धरली. भरलेली झारी घेऊन नेहमीच्या वाटेनं गेले, तर तिथे सपाट माती, नुकतं बी पेरलेलं. म्हातारी पलीकडच्या गवतात नेमकी कुठे, तेही माहीत नाही. मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. मी तिच्या आजीचं नाव मोठ्यानं घेतलं, पूर्ण, आडनावासकट.

पानं गोळा करणारा माळी थांबला. "कुणाला शोधताय?"

मी नाव पुन्हा सांगितलं. त्यानं खरंच आठवून पाहिलं, आजूबाजूचे दगडही पाहिले.

"नाही हो," तो म्हणाला. "या नावाचं इथे कुणी नाही."