आश्विन पौर्णिमेची पाळी

डोंबिवलीत, मानपाड्याच्या नव्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, चांगदेवला दिवसभर कुलपात ठेवलं जायचं. ठेवणारं कुणी वैरी नव्हतं. पोटचा लेक होता, महेंद्र. सून प्रीती तर कामावर जाताना गरम पोळी-भाजी झाकून, फळं चिरून ठेवायची आणि मग बाहेरून किल्ली फिरवायची. माया भरपूर होती, आणि दारही बंद होतं.

नगरकडचं गाव सोडून चांगदेव तरणाताठा इकडे आला, तो याच मानपाड्यात, रसायनाच्या कारखान्यात लागला. हयात तिथं गेली. सुट्टीचा भोंगा झाला की कधी एकदा त्या वासातून सुटतो आणि कळव्याच्या चाळीत पोचतो, असं त्याला होई. आता त्याच मानपाड्याला घर म्हणायचं होतं. खिडकी उघडली की तोच आंबूस वास आत येई, आणि चांगदेवला वाटे, आपली सुट्टी काही अजून झालेली नाही.

घर होतं ते कळव्याला. खोली एवढीशी, पण खाडीचं वारं उंबऱ्यावरून आत यायचं आणि मागच्या मोरीतून बाहेर जायचं. चाळीच्या टोकाला लोकांनी आपल्या हातांनी विहार बांधला. महेंद्र पोटात असताना मीराबाईनं, चांगदेवच्या बायकोनं, त्यासाठी वाळूची घमेली वाहिली. तेव्हापासून तिथं एक रीत पडली. प्रत्येक पौर्णिमा एकेका घराची. ज्याची पाळी, त्यानं जाळी काढायची, फरशी धुवायची, संध्याकाळी वंदनेनंतर सगळ्यांना खीर वाटायची. भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, वर्षावास, संपतो ती आश्विन पौर्णिमा चांगदेवची. मीराबाई गेली त्या वर्षी खीर त्यानं एकट्यानं केली. करपली. तरी चाळीनं वाट्या पुसून खाल्ली.

मागच्या दिवाळीनंतर खोली विकली आणि तो मुलाकडे आला. पण पाळी कुणी विकत नाही, असा त्याचा हिशेब. भाद्रपद सरता सरता तो एका पहाटे लांब काठीला झाडू बांधून, कुणाला न सांगता कळव्याला निघाला. फोन उशाशीच राहिला. वॉचमननं सगळ्यांना सांगितलं, म्हातारबाबा झाडू खांद्यावर टाकून गेले. महेंद्रला तो दुपार कलल्यावर सापडला, विहाराच्या पायरीवर, डोकंभर जाळी घेऊन.

"आबा, काय हे? अख्खी डोंबिवली पालथी घातली मी!"

"अरे, जाळी काढायला आलेलो. पाळी जवळ आली ना."

"आपण राहतो का इथं आता?"

इमारतीतले लोक हळहळले, वयानं विसरायला होतं म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून कुलूप सुरू झालं.

आश्विन पौर्णिमेला चांगदेव अंघोळ करून, पांढरा सदरा घालून दारापाशी खुर्ची टाकून बसला. चहा घेईना.

"आबा, हट्ट करू नका ना," प्रीती म्हणाली.

"हट्ट कसला, पोरी? एवढं करू द्या. मग वर्षभर कोंडा."

प्रीतीनं नवऱ्याकडे पाहिलं. महेंद्रनं सुट्टी टाकली आणि गाडी काढली.

विहाराची फरशी ओली होती. कोपरे लख्ख होते. मोठ्या पातेल्यात खीर उकळत होती, आणि शेजारच्या खोलीतली दर्शना पदर खोचून ती ढवळत होती. तिचा नवरा प्रशांत लगबगीनं पुढं आला.

"जय भीम, काका! या, या. अगं, काकांना खुर्ची दे."

"जय भीम. खुर्ची राहू दे. झाडू कुठाय?"

प्रशांत घुटमळला. "काका, ही पाळी आता आमच्याकडे आलीय."

"कुणी ठरवलं?"

"तुम्हीच की. गोपीनाथच्या वेळी."

चांगदेवला आठवलं. गोपीनाथ बदलापूरला राहायला गेला, तरी त्यानं वैशाखाची पाळी सोडली नव्हती. एका वर्षी त्याला यायला उशीर झाला आणि ऐन बुद्धजयंतीला विहार पारोसा राहिला. तेव्हा भर बैठकीत चांगदेवच उठला होता. "जो चाळीत झोपतो त्याची पाळी. पाहुण्यानं पाहुण्यासारखं यावं." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. गोपीनाथनं फक्त चपला शोधल्या होत्या, आणि त्या समोर असूनही त्याला लवकर सापडल्या नव्हत्या.

"बरोबर आहे," चांगदेव म्हणाला आणि खुर्चीवर बसला.

वंदना झाली. खिरीची पहिली वाटी त्याला आली, ताटलीत ठेवून. चाळीतल्या माणसाला वाटी हातात देतात. ताटली पाहुण्याला.

"गोड झालीय ना, काका?" दर्शनानं विचारलं.

"झालीय, बाई."

परतताना खाडीकडेच्या रस्त्यावर गाडी थांबत थांबत चालली होती. महेंद्र म्हणाला, "आबा, चुकलं आमचं. तुमचं डोकं शाबूत आहे. उद्यापासून कुलूप नाही लावणार. किल्ली तुमच्याकडेच ठेवा. हवं तिथं जा."

चांगदेवनं काच खाली केली. खाडीचं वारं तोंडावर आलं, तशी त्यानं ती परत वर केली.

"लावत जा कुलूप," तो म्हणाला. "का येत नाही असं कुणी विचारलं तर सांगता येतं रे, पोरगं सोडत नाही म्हणून."