तर्कशास्त्राचा वर्ग आणि बाबांचा चष्मा

उपप्राचार्यबाईंचा सख्खा मोठा भाऊ त्यांच्याच कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा. दर दुसऱ्या वाक्याला 'म्हणजेच' म्हणायची खोड, म्हणून सगळे त्याला 'म्हणजेच सर' म्हणत. यंदा त्याच्या वर्गाला जेमतेम चार टाळकी आली होती. दहापेक्षा कमी विद्यार्थी असले तर वर्ग बंद करता येत असे, आणि करायचा की नाही हे बाईंनी ठरवायचं होतं.

बंद करावा तर भाऊ रुसणार, चालू ठेवावा तर वशिलेबाजीचा बोभाटा. इकडे आड तिकडे विहीर. त्यात वहिनीने बजावलं होतं की यांना घरी बसवू नका, मला भांडी घासण्याचं तर्कशास्त्र शिकवत बसतील. शेवटी बाई म्हणाल्या, एकदा वर्गात मागे बसून पाहू आणि काय तो सोक्षमोक्ष लावू.

चौघांपैकी दोघांचं आधी जमलं होतं आणि नुकतंच बिनसलं होतं, म्हणून ते दोन टोकांना तोंडं फिरवून बसले होते. तिसरा पंख्याखाली झोपायला यायचा. चौथी मुलगी हिशेबाचा वर्ग समजून चुकून आली होती, आणि आता उठून जायला लाजत होती.

बहिणीला पाहून सरांना चेव चढला. त्यांनी फळ्यावर उदाहरण लिहिलं. चष्मा खुर्चीत होता. बहीण खुर्चीत बसली. चष्मा फुटला. म्हणजेच, चष्मा बहिणीने फोडला.

बाईंचे कान लाल झाले. बाबांच्या त्या चष्म्यापायी लहानपणी त्यांनी मार खाल्ला होता. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी शांतपणे विचारलं की त्या खुर्चीत आधी कोण बसलं होतं, ते फळ्यावर का नाही.

"चिमे, तू लहानपणापासून अशीच हेकट," सर म्हणाले.

'चिमे' ऐकून झोपलेला पंख्याखालून उठून बसला. मग जी जुंपली म्हणता! बाई दादाच्या प्रत्येक विधानातली खोट काढत होत्या, दादा खडू आपटत होता. रुसलेले दोघं एका बाकावर येऊन बाईंची बाजू घेऊ लागले. शेजारच्या वर्गातली पोरं दारात आणि खिडक्यांत गोळा झाली.

एवढ्यात हिशेबाच्या मुलीने हात वर केला.

"सर, चष्मा तुमच्या वडिलांचा. मग ते कुठे होते?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत दोघा भावंडांपैकी कुणाला सुचलाच नव्हता. बाईंनी तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली की फोडला तुमच्या बाबांनीच, त्यावर बसून अख्खं वर्तमानपत्र वाचलं, आणि हे विचारायला भरदुपारी माझी झोपमोड केलीत?

सारा वर्ग खिदळला. दादाने खाली मान घालून फळा पुसला आणि चिमीची माफी मागितली, तीही 'म्हणजेच' न म्हणता.

त्या दुपारी नावं घालायला रांग लागली. बाईंनी वर्ग चालू ठेवला. आठवडाभरात निम्मी पोरं पळाली, कारण सरांनी खरंच तर्कशास्त्र शिकवायला घेतलं. पण तोवर वर्ग बंद करायची मुदत टळली होती, आणि कॉलेजभर बाईंना चिमामॅडम म्हणायचं ठरून गेलं होतं.